वारूळ उभं आहे, पण आतले पाहुणे? सरसकट तोडीनंतर वनमुंग्यांच्या घरात काय घडतं

प्रश्न असा आहे: उत्तर युरोपातल्या स्प्रूस-पाइनच्या जंगलात सरसकट तोड झाली, म्हणजे एका भागातली सगळी झाडं एकदम कापली गेली, यंत्रं निघून गेली. लाल वनमुंग्यांचं वारूळ जागच्या जागी आहे आणि त्यावर मुंग्याही फिरताहेत. मग वारुळात राहणाऱ्या इतर कीटकांना काही फरक पडतो का? पडत असेल तर तो ओळखायचा कसा आणि टाळायचा कसा?

फरक पडतो, पण उशिरा. तोडीनंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात पाहणी केली तर बहुतेक पाहुणे जागेवर सापडतात आणि अहवालात 'परिणाम नाही' असं लिहून मोकळं होता येतं. खरा हिशोब पुढच्या काही वर्षांत होतो. या कीटकांना झाडांशी थेट देणंघेणं फारसं नसतं. त्यांचं सगळं यजमान मुंगीवर अवलंबून आणि मुंगीचं सगळं झाडावरच्या माव्यावर, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या बारीक किड्यांवर. झाड पडल्याचा धक्का ही साखळी उतरून त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो.

आधी यजमान कोण ते पाहू, कारण उत्तर त्यावरच फिरतं. फॉर्मिका रूफा गटातल्या मुंग्या सूचिपर्णी झाडांची पानं, काड्या आणि राळेचे कण रचून मीटरभर किंवा त्याहून उंच ढीग करतात. जमिनीखालीही त्याचा मोठा भाग असतो आणि मध्ये बऱ्याचदा एखादा कुजका खुंट असतो. फॉर्मिका अॅक्विलोनिया ही जुन्या, सलग जंगलातली. तिच्या एका वारुळात शेकडो राण्या असू शकतात आणि एकच वसाहत अनेक वारुळांत पसरलेली असते. वारुळं एकमेकांना पक्क्या वाटांनी जोडलेली असतात. फॉर्मिका रूफा आणि फॉर्मिका लुगुब्रिस फिनलंडमध्ये बऱ्याचदा एका राणीच्या वसाहतीत, जंगलाच्या कडेला किंवा तरुण जंगलात आढळतात. उघड्या जागेचा त्रास त्यांना कमी होतो. म्हणून 'वनमुंग्यांवर तोडीचा परिणाम' असं सरसकट विधान करणाऱ्या अहवालात पहिल्यांदा मुंगीची जात लिहिली आहे का ते बघावं. नसेल तर पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

आता पाहुणे. लाल वनमुंग्यांच्या वारुळाशिवाय जगूच न शकणाऱ्या किंवा मुंग्यांशी पक्क्या बांधलेल्या प्रजातींची संख्या सव्वाशेच्या आसपास मोजली गेली आहे. त्यात भुंगेऱ्यांचा भरणा सर्वाधिक, शिवाय माइट (कोळ्यांचे अतिसूक्ष्म नातलग), कोळी, माश्या, स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे इवले जीव), वुडलाउस (ओलसर जागी राहणारे, अनेक पायांचे कवचधारी जीव) आणि एक इवलीशी मुंगीसुद्धा. सगळे एकाच प्रकारे राहत नाहीत आणि तोडीचा फटका कुणाला आधी बसतो ते इथेच ठरतं.

मोनोटोमा अंगुस्टिकोलिस हा दोनेक मिलिमीटरचा तपकिरी भुंगेरा ढिगातला कुजका माल खाऊन राहतो. थियासोफिला अंगुलाटा हा रोव्ह बीटल (आखूड पंखांचा, लांबट, चपळ भुंगेरा) मुंग्यांनी आणलेल्या भक्ष्यावर आणि त्यांच्या अंड्यांवर डल्ला मारतो. डिनार्डा मार्केली दोन मुंग्या एकमेकींना तोंडातून अन्न देत असताना मध्ये घुसून थेंब चोरतो. सायफोडेरस अल्बिनस हा पांढरा, डोळे नसलेला स्प्रिंगटेल उरलंसुरलं साफ करतो. फॉर्मिकोक्सेनस निटिडुलस ही जेमतेम ३ मिलिमीटरची चकचकीत मुंगी ढिगातल्याच एखाद्या पोकळ काडीत आपली शंभरेक मुंग्यांची वसाहत थाटते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ती 'असुरक्षित' वर्गात आहे.

क्लायट्रा क्वाड्रिपंक्टाटा या पानभुंगेऱ्याची पद्धत सगळ्यांत न्यारी. मादी बर्च किंवा विलोच्या फांदीवर, मुंग्यांच्या वाटेवर किंवा वारुळाजवळ बसते. प्रत्येक अंड्याला स्वतःच्या विष्ठेच्या खवल्यांचं कवच चढवते आणि ते खाली टाकून देते. खाली पडलेलं अंडं एखाद्या शंकूच्या तुकड्यासारखं दिसतं. मुंगी ते बांधकामाचा माल समजून उचलते आणि घरात नेऊन ठेवते. आत अळी बाहेर पडते, कवच वाढवत जाते आणि मुंग्यांची अंडी-पिल्लं खाते. मुंगी चावायला आली की डोक्याने कवचाचं तोंड बंद. या एका कीटकाला वारूळ तर लागतंच, शिवाय वारुळाजवळ रुंद पानांचं झुडूप आणि त्याखालून जाणारी चालती वाटही लागते. सरसकट तोडीनंतर बर्चची रोपं भराभर वाढतात, त्यामुळे प्रौढ भुंगेऱ्यांची चंगळ होते. पण वाट ओस पडली असेल तर अंडी उचलणारं कुणी उरत नाही.

तोडीचा परिणाम चार मार्गांनी होतो. त्यातला अन्नाचा मार्ग सगळ्यांत भारी आणि सगळ्यांत कमी दिसणारा.

वनमुंग्यांच्या आहाराचा मोठा भाग म्हणजे झाडावरच्या माव्याचा गोड चिकट स्राव. स्प्रूस-पाइनवरच्या सिनारा वंशाच्या माव्याला त्या अक्षरशः पाळतात. झाड गेलं की हे दुभतं एका दिवसात आटतं. म्हाताऱ्या कामकरी मुंग्या मात्र आदल्या वर्षीची वाट लक्षात ठेवून हिवाळ्यानंतर त्याच दिशेला जात राहतात. हिवाळी तोडीनंतरच्या वसंतात त्या नसलेल्या झाडाकडे कशा निघतात, हे रोसेनग्रेन आणि पामिलो या संशोधकांनी १९७८ मध्येच नोंदवलं होतं. म्हणजे शक्ती खर्च होते आणि घरात काही येत नाही.

पुढचे परिणाम फिनलंडमध्ये सोर्वारी आणि हक्काराइनेन या संशोधकांनी फॉर्मिका अॅक्विलोनियावर दाखवले आहेत. तोडलेल्या भागात वारुळं लहान होतात आणि पंखवाल्या राण्या-नरांची पैदास घटते (२००५), वारुळांची संख्या कमी होते (२००७), कामकरी मुंग्या आकाराने लहान निपजतात (२००९). शेजारच्या वारुळांतल्या मुंग्यांमधली भांडणं अधिवासानुसार बदलतात, हे त्यांनी त्याआधीच २००४ मध्ये मांडलं होतं. पाहुण्यांच्या बाजूने हे वाचलं तर अर्थ असा निघतो: पिल्लं कमी, म्हणजे पिल्लांवर जगणाऱ्यांचं ताट रिकामं. भक्ष्य कमी येतं, म्हणजे डल्ला मारायला काही नाही. तोंडातून तोंडात होणारी देवाणघेवाण आटली की डिनार्डासारख्या चोराचे दिवस फिरतात. कुजका माल खाणारा मोनोटोमा मात्र काही काळ मजेत असतो, कारण ढीग अजून मोठा आहे. पहिल्या वर्षाच्या पाहणीत हाच भुंगेरा भरपूर सापडतो आणि फसवतो.

दुसरा मार्ग उष्णतेचा. चालत्या वारुळाचा गाभा उन्हाळ्यात साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअस राखला जातो. त्यासाठी ऊन, कुजणाऱ्या मालाची ऊब आणि हजारो मुंग्यांच्या शरीराची ऊब असं तिन्ही लागतं. वसंतात मुंग्या पृष्ठभागावर गुच्छ करून ऊन खातात आणि तापलेल्या अंगाने आत जातात. सावलीतल्या जंगलात बांधलेलं वारूळ उंच, शंकूसारखं असतं, मिळेल ते ऊन पकडण्यासाठी. तोडीनंतर तेच वारूळ अचानक उघड्यावर येतं. दिवसा वरचा थर करपतो, रात्री उघड्या आकाशाखाली उष्णता निसटते, वारा थेट लागतो आणि पानांच्या छत्रीत अडणारा पाऊस सरळ ढिगावर कोसळतो. उघड्या जागेला बुटकं, पसरट वारूळ सोयीचं, पण जुनं मोडून नवं रचायला मनुष्यबळ लागतं आणि तेच घटत चाललेलं असतं. 'ऊन वाढलं, म्हणजे मुंग्यांना बरंच' हा वनाधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद उन्हात राहायची सवय असलेल्या जातींपुरता खरा आहे. जंगलाच्या हिशोबाने बांधलेल्या घराला तो लागू पडत नाही.

तिसरा मार्ग बांधकामाच्या मालाचा. त्याचं गणितही असंच उशिरा बिघडतं. तोडलेल्या फांद्यांमुळे पहिली दोन-तीन वर्षं सुईसारख्या पानांचा सुकाळ असतो, खुंटांतून राळही मिळते. नंतर दोन्ही संपतं. राळ ही शोभेची वस्तू नाही. तिच्यामुळे ढिगातले जीवाणू आणि बुरशी आटोक्यात राहतात. माल येणं थांबलं की ढीग खचतो, गवत आणि फायरवीड (मोकळ्या झालेल्या जागी उगवणारं उंच तण) त्यावर चढतं, सावली पडते, गाभा थंड होतो. तोडीनंतर चौथ्या-पाचव्या वर्षी 'वारूळ अचानक मेलं' असं वाटतं ते या टप्प्यावर. मुंग्या गेल्या की ढिगात गांडुळं, बुरशी खाणारे माइट आणि साधे मातीतले किडे शिरतात. ही नवी वस्ती बघून पाहुण्यांची संख्या वाढली असं समजू नये. ते कुठल्याही कुजक्या ढिगात असतात.

चौथा मार्ग शेजाराचा. पाहुण्यांच्या दृष्टीने प्रत्येक वारूळ हे एक बेट. बेट मोठं असेल आणि शेजारचं जवळ असेल तर एका ठिकाणी संपलेली प्रजाती दुसरीकडून परत येते. रोव्ह बीटलपैकी पुष्कळ उडू शकतात, त्यांना मोकळं मैदान ओलांडणं जमतं. काही पाहुणे मुंग्यांच्या गंधवाटेवरून चालत नव्या वारुळात जातात. निटिडुलसचे नर बिनपंखी आणि तिच्या वसाहती स्थलांतर करतात त्या यजमानाच्या वाटेने, पायी. तोडीत वाट तुटली, मध्ये फांद्यांचे ढीग आणि नांगरलेली माती आली, की हा चालणारा गट अडकतो. वारूळ वाचवूनही ही प्रजाती जाते, ती यामुळे.

सगळेच हरतात असं नाही. सरसकट तोडीनंतर उन्हातल्या खुंटांत फॉर्मिका सॅन्ग्विनिया ही दुसरी मुंगी येते आणि तिच्याबरोबर तिचे पाहुणे, उदाहरणार्थ लोमेकुसॉइडीस स्ट्रुमोसस आणि डिनार्डा डेंटाटा हे भुंगेरे. म्हणून प्रजातींची नुसती संख्या मोजली तर तोडीआधी आणि नंतर आकडा जवळपास सारखा दिसू शकतो, पण नावं बदललेली असतात. जुन्या जंगलाचे पाहुणे गेलेले असतात आणि उघड्या माळाचे आलेले. संख्येऐवजी यादी मागा. विरळणीचं, म्हणजे मधली काही झाडं काढण्याचं, तर उलटंही असतं: दाट लागवडीच्या अंधारात गारठलेल्या वारुळाला बेताच्या विरळणीने जीवदान मिळतं. वारुळाच्या दक्षिणेला थोडी फट आणि बाकी बाजूंना मोठी झाडं, यासारखी जागा दुसरी नाही.

आता मोजायचं कसं. तोडीच्या आधी किमान एक हंगाम आणि नंतर पहिलं, तिसरं, पाचवं आणि दहावं वर्ष, असं वेळापत्रक धरा. सोबत न तोडलेल्या भागातली तेवढीच वारुळं त्याच आठवड्यात तपासा, नाहीतर कोरड्या उन्हाळ्याचा दोष तोडीवर जाईल. जर्मनी, स्वित्झर्लंड अशा देशांत या मुंग्यांना कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा ढिगाला हात लावण्याआधी परवानगी घ्या.

प्रत्येक वारुळाचं घनमान काढा: लांबी × रुंदी × उंची × ०.५२. म्हणजे १२० × १०० × ६० सेंटिमीटरचा ढीग साधारण ३७५ लिटर आणि ८० × ७० × ३० चा सुमारे ८७ लिटर. या आकड्याशिवाय दोन वारुळांतल्या पाहुण्यांची तुलना निरर्थक आहे, कारण मोठ्या ढिगात प्रजाती तशाही जास्त असतात.

नमुना घ्यायचा तो ठरलेला: प्रत्येक वारुळातून एक लिटर, अर्धा वरच्या थरातून आणि अर्धा हातभर आतून. लहान वारुळातून याहून कमी घ्या. कोपरापर्यंतचे हातमोजे आणि बंद चष्मा लागतोच. फॉर्मिक अॅसिडचा फवारा डोळ्यात गेला तर दिवस संपला. माल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. बंद पिशवीत आम्लाची वाफ साचते आणि मुंग्यांच्या आधी चिमुकले भुंगेरे मरतात. जाड सुती पिशवी वापरा आणि ती सावलीत ठेवा. ५ मिलिमीटरच्या चाळणीतून पांढऱ्या ट्रेवर थोडं थोडं चाळा, प्रत्येक घासाला दोन मिनिटं थांबा. रोव्ह बीटल लगेच पळतात, मोनोटोमा मात्र मेल्याचं सोंग घेऊन पडून राहतो आणि घाईच्या नजरेला काडीचा तुकडा वाटतो. माइट आणि स्प्रिंगटेलसाठी चाळलेला बारीक माल दिव्याखालच्या बर्लेसे फनेलमध्ये (या नरसाळ्यात उष्णतेपासून पळणारे जीव खाली बाटलीत पडतात) दोन-तीन दिवस ठेवा. दिवा फार जवळ घेतलात तर माल वरून भाजतो आणि मंद हालणारे जीव खाली पोचण्याआधी वाळून जातात. चाळणीवर उरलेला माल आणि मुंग्या त्याच दिवशी त्याच वारुळावर परत टाका.

हंगाम चुकला तर सगळं चुकतं. बर्फ वितळल्यावर मुंग्या ऊन खायला वर येतात तेव्हा पुष्कळ पाहुणेही वरच्या थरात असतात. त्या दिवसांत वारुळाच्या ऊन लागणाऱ्या बाजूवर एक पातळ फळी आडवी ठेवून दुसऱ्या दिवशी उचलली तर खाली जमलेले भुंगेरे नमुना न खोदताही दिसतात. निटिडुलससाठी मात्र उन्हाळ्याच्या शेवटी किंवा शरदाच्या सुरुवातीला या. तेव्हा तिचे बिनपंखी नर आणि माद्या ढिगाच्या पृष्ठभागावर फिरतात आणि नुसत्या नजरेने पंधरा मिनिटांत सापडतात. कडक उन्हाळ्यात दुपारी ढीग उकरून 'नाही' लिहिलेली नोंद मी तरी पुरावा मानणार नाही. जमिनीत पुरलेल्या पेल्यांचे सापळे वारुळाजवळ लावू नका. तासाभरात ते मुंग्यांनी भरतात.

तोडीचा ठेका ठरवतानाच करायच्या गोष्टी याहून महत्त्वाच्या. वारुळं शरद ऋतूत, बर्फ पडण्याआधी जीपीएसवर घ्या आणि दीड-दोन मीटर उंच खांबाला रंगीत फीत बांधून खुणा करा. गोठलेल्या जमिनीवर हिवाळी तोड मातीच्या दृष्टीने बरी, पण बर्फाखालचं वारूळ हार्वेस्टरच्या (झाडं कापणाऱ्या यंत्राच्या) चालकाला दिसत नाही, आणि मुंग्या त्या वेळी बरोब्बर त्याच्या चाकाखाली, जमिनीत झोपलेल्या असतात. खुणेच्या बाजूला मीटर-सव्वा मीटरचे दोन-तीन उंच खुंट मुद्दाम राखले तर यंत्र आपोआप लांबून वळतं. फितीपेक्षा खुंटाचा धाक जास्त. फांद्यांचा ढीग वारुळावर किंवा त्याच्या दक्षिणेला टाकायचा नाही. नंतरची माती नांगरणी दहा मीटरच्या आत आणायची नाही. ऊर्जेसाठी खुंट उपसायचे असतील तर वारुळाच्या पोटातला खुंट कधीच नाही, कारण तो उपसणं म्हणजे वारूळ उपटणं.

राखायची झाडं निवडताना वारुळाभोवती गोल वर्तुळ आखण्याची पद्धत आहे. ती सोपी आहे, म्हणूनच रूढ झाली. त्याऐवजी जूनमधल्या एखाद्या ऊबदार दिवशी वाटांवरून चालत जा आणि कोणत्या खोडावरून मुंग्या फुगलेलं, तकतकीत पोट घेऊन उतरताहेत ते बघा. तीच माव्याची झाडं. ती रंगाने खूण करून राखा, मग ती वारुळापासून वीस मीटरवर का असेनात. दहा-पंधरा अशी झाडं आणि त्यांच्यापर्यंतच्या वाटा राहिल्या तर वसाहत तगण्याची आशा असते. वारुळाला चिकटलेली पाच झाडं राखली, पण त्यांच्यावर मावाच नाही, तर ती फक्त सावली देतात. मोठ्या वसाहतीत निवड करावी लागली तर एकेकटी विखुरलेली वारुळं वाचवण्यापेक्षा वाटांनी जोडलेला तीन-चार वारुळांचा गट उभ्या जंगलाच्या कडेला लागून राखा. पाहुण्यांना परतायला रस्ता तिथेच मिळतो. फिनलंडच्या वन कायद्यात २०१४ पासून सरसकट तोड न करता जंगल सतत उभं ठेवण्याच्या पद्धतीला वाव मिळाला आहे. अॅक्विलोनियाच्या जुन्या वसाहती जिथे आहेत तिथे लहान फटींची निवडक तोड हाच माझ्या मते शहाणपणाचा मार्ग.

वारूळ उचलून दुसरीकडे नेण्याची मागणी नेहमी येते. रस्ता किंवा इमारत येत असेल तरच ते करावं. करायचंच झालं तर वसंतात, राण्या वरच्या थरात असतात त्या दिवसांत, आणि जमिनीखालचा भाग व खुंटाचं लाकूड यांसह. वरचा, मधला आणि तळचा माल वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्याच क्रमाने मांडा. पाहुणे हातचे जातात ते तळाच्या बारीक भुग्याबरोबर, आणि नेमका तोच खड्ड्यात टाकून दिला जातो. खड्ड्याचा तळ झाडून शेवटची पिशवी भरा. नव्या जागी मावा असलेली मोठी झाडं आधी शोधून ठेवा, पहिले काही आठवडे साखरपाणी द्या, आणि दोन आठवडे रोज जुन्या जागी जाऊन मागे राहिलेल्या मुंग्या गोळा करा. त्यांच्यासोबत जुन्या वाटेवर भटकणारे रोव्ह बीटलही हाती लागतात.